नमपाय, आर, मॅटलॅब, ज्युलिया: एज केसला कोण काय उत्तर देतं

[१, २, ३, ४] या चार आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) नमपाय, म्हणजे पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी, १.११८ सांगतं. आर, मॅटलॅब आणि ज्युलिया या आकडेमोडीच्या भाषा १.२९१ सांगतात. चूक कुणाचीच नाही. विचलनांच्या वर्गांची बेरीज नमपाय ४ ने भागतं, बाकीचे एक वजा करून ३ ने भागतात. नमपायमध्ये डीडीओएफ=१ (भाजकातून १ वजा कर) दिलं की आकडे जुळतात. पण पायथॉनच्या घरातच दोन मतं आहेत: पांडाज (तक्त्यांसाठीची लायब्ररी) आणि पायटॉर्च (मशीन लर्निंगची) दोघंही मुळातच ३ ने भागतात. त्यामुळे डेटाफ्रेमच्या (पांडाजच्या तक्त्याच्या) कॉलमवर काढलेलं डेव्हिएशन आणि त्याच कॉलममधून नमपाय ॲरे (आकड्यांची यादी) काढून मोजलेलं डेव्हिएशन, एकाच फाइलमध्ये लागोपाठच्या दोन ओळींत, वेगळं येतं.

इथवर ठीक आहे, हे सगळ्यांना कधी ना कधी कळतं. खरी गंमत ॲरेत एकच आकडा उरतो तेव्हा. नमपाय ० देतं. आर एनए ('माहिती नाही' अशी खूण) देते. ज्युलिया नॅन ('आकडा नाही', गणित फसल्याची खूण) देते. मॅटलॅब एक वजा करून भागणाऱ्यांतलं, म्हणजे ०/० होऊन नॅन यायला हवा. पण तिथे एकट्या आकड्यासाठी खास अपवाद लिहिलेला आहे आणि उत्तर ० येतं. आता 'डेव्हिएशन ०.०१ पेक्षा कमी असेल तर सेन्सर स्थिर आहे' अशी अट लिहा. एकच रीडिंग आलेला सेन्सर नमपाय आणि मॅटलॅबमध्ये 'स्थिर' ठरतो, ज्युलियात ठरत नाही, आणि आरमध्ये इफच्या अटीत एनए आला म्हणून प्रोग्रॅम तिथेच थांबतो.

या परीक्षणाचं माप हेच आहे. वेग, ग्राफ, पॅकेजेस यांची तुलना इथे नाही. एज केसला (नेहमीपेक्षा वेगळ्या, टोकाच्या इनपुटला) लायब्ररी चार प्रकारे वागू शकते: थांबते, वॉर्निंग देऊन पुढे जाते, नॅन किंवा एनए अशी खुणेची किंमत परत देते, किंवा साधा, खराखुरा दिसणारा आकडा हातात ठेवून गप्प बसते. पहिल्या तिन्हींना कमीजास्त गुण, चौथ्याला शून्य. आवृत्त्या गृहीत धरल्या आहेत त्या अशा: नमपाय २, आर ४, ज्युलिया १.९ किंवा पुढची, आणि मॅटलॅब आर२०१६बी नंतरचं.

रिकामा ॲरे

बेरजेबद्दल भांडण नाही, सगळीकडे ०. कमाल किंमत काढताना मात्र वाटा फुटतात. नमपाय एरर देतं, ज्युलियाही देते. दोन्हींत सुरुवातीची किंमत हाताने देण्याची सोय आहे, नमपायमध्ये 'इनिशियल' आणि ज्युलियात 'इनिट'. आर वजा अनंत देते आणि सोबत वॉर्निंग. गणिताच्या दृष्टीने हे उत्तर सर्वांत शुद्ध आहे, कारण रिकाम्या संचाची कमाल किंमत तीच असायला हवी. मॅटलॅब रिकाम्या ॲरेची कमाल किंमत म्हणून रिकामा ॲरेच परत देतं. तो ५ पेक्षा मोठा आहे का विचारलं तर उत्तर पुन्हा रिकामं, आणि इफमध्ये रिकामं म्हणजे खोटं. तीन पायऱ्या, एकही आवाज नाही, आणि अलार्म वाजायला हवा होता की नाही हे कुणालाच कळत नाही.

मॅटलॅबच्या बेरजेतही एक चोरदरवाजा आहे. मॅट्रिक्सची नुसती बेरीज मागितली की ते कॉलमनिहाय बेरजा देतं. पण ओळी गाळता गाळता एकच ओळ उरली, तर बेरीज त्या ओळीवरून आडवी होते आणि एकच आकडा येतो, कारण नियम 'पहिल्या, एकापेक्षा लांब असलेल्या दिशेने' असा आहे. कोड ९९ वेळा चालतो आणि शंभराव्या वेळी आकार बदलतो. उपाय एका अक्षराचा: बेरजेला दिशा म्हणून १ नेहमी द्या, गरज दिसत नसली तरी.

आरचा चोरदरवाजा लूपमध्ये. १ पासून लांबीपर्यंत असा लूप लिहिला आणि लांबी ० निघाली, तर आर १ आणि ० असे दोन फेरे मारते. मॅटलॅब आणि ज्युलियात तोच पल्ला रिकामा असतो. म्हणून आरमध्ये सेक-अलाँग वापरायचं.

पूर्णांक: सर्वांत जास्त घसरण इथे

आठ बिटांच्या, चिन्ह नसलेल्या प्रकारात २०० अधिक १०० किती? नमपायच्या ॲरेत ४४, कारण २५५ ओलांडलं की मोजणी गोल फिरते. मॅटलॅबमध्ये २५५, कारण ते वरच्या टोकाला अडकवतं. ज्युलियात दोन्ही बाजू आठ बिटांच्या असतील तर ४४. पण १०० नुसता लिहिला असेल तर तो ६४ बिटांचा धरला जातो आणि उत्तर ३०० येतं. आरमध्ये आठ बिटांचा पूर्णांकच नाही. तिथे ३२ बिटांची मर्यादा ओलांडली की एनए आणि वॉर्निंग. या एका बाबतीत आर बाकी तिघांच्या पुष्कळ पुढे आहे.

प्रतिमांची वजाबाकी करणाऱ्यांना हे ठाऊक असायलाच हवं. ५० वजा १०० नमपायमध्ये २०६ होतं, मॅटलॅबमध्ये ०. त्यामुळे 'फरक काढा, मग ॲब्सोल्यूट घ्या' हा साधा कोड दोन्हीकडे चुकतो आणि वेगवेगळा चुकतो: एकीकडे काळा भाग झगझगीत दिसतो, दुसरीकडे अर्धा फरक गायब होतो. दोन्हीकडे आधी मोठ्या, चिन्ह असलेल्या प्रकारात बदला, मग वजा करा.

नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं आणि त्याने इथेच एक जुनी सवय मोडली. आधी लायब्ररी आकड्याची किंमत पाहून प्रकार ठरवायची. यूइंट८ (आठ बिटांचा, चिन्ह नसलेला प्रकार) चा एकटा १०० आणि पायथॉनचा साधा २०० मिळवला तर ३०० यायचे. आता प्रकार फक्त प्रकारावरून ठरतो, उत्तर ४४ येतं, सोबत वॉर्निंग. आणि साधा आकडाच त्या प्रकारात मावत नसेल, उदाहरणार्थ ३००, तर एरर. बदल योग्यच आहे. पण वॉर्निंग फक्त सुट्या आकड्यांना मिळते. ॲरेतला ओव्हरफ्लो (मर्यादा ओलांडणं) आजही मुकाट होतो, आणि सेटएरने (नमपायच्या एरर-सेटिंगने) सगळं 'रेझ' वर ठेवलं तरी तो पकडला जात नाही.

त्याच आवृत्तीत दुसरी दुरुस्ती झाली, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. विंडोजवर नमपायचा डीफॉल्ट पूर्णांक ३२ बिटांचा होता, लिनक्सवर ६४ चा. ५०००० चा वर्ग लिनक्सवर २५० कोटी यायचा आणि विंडोजवर उणे १७९४९६७२९६. आता दोन्हीकडे ६४. जुना कोड जुन्या नमपायवर अडकलेला असेल तर डीटाइप (आकड्याचा प्रकार) हाताने लिहिण्याला पर्याय नाही.

चिन्ह असलेला आणि नसलेला असे दोन ६४ बिटांचे पूर्णांक मिळवले तर? मॅटलॅब सरळ नकार देतं. ज्युलिया चिन्ह नसलेला प्रकार परत देते. नमपाय दोघांना फ्लोट६४ (६४ बिटांचा दशांश प्रकार) मध्ये ढकलतं, आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे विषम आकडे तिथे मावत नाहीत. मोठे आयडी किंवा नॅनोसेकंदांचे टाइमस्टॅम्प असतील तर शेवटचे अंक गेले, आवाज न करता. हे नमपायचं माझ्या मते सर्वांत वाईट वागणं आहे, कारण उत्तर जवळपास बरोबर असतं.

भागाकाराचं तर प्रदर्शनच भरवता येईल. इंट३२ मध्ये १ भागिले २ मॅटलॅबमध्ये १ होतो, कारण ०.५ वर गोल होतो. ५ ची ० ने भागून बाकी काढा: नमपायचा पूर्णांक ॲरे ० देतो आणि वॉर्निंग, आर एनए, ज्युलिया एरर, मॅटलॅबचं मॉड फंक्शन ५. आणि उणे ७ ला ३ ने भागून बाकी: % हेच चिन्ह नमपायमध्ये २ देतं, ज्युलियात उणे १. ज्युलियात २ हवा असेल तर मॉड म्हणायचं. चिन्ह तेच असल्याने कोड कॉपी केला की चालतो, हीच अडचण.

ज्युलियाचं एक कौतुक करावं की डोक्याला हात लावावा कळत नाही: २ चा उणे १ वा घात थेट आकड्यांत लिहिला तर ०.५ येतो, पण उणे १ एखाद्या चलात ठेवून तोच घात मागितला तर डोमेन एरर. कारण थेट लिहिलेल्या घातांकाला कंपायलर वेगळी वाट देतो. नमपाय पूर्णांक ॲरेला उणे घात देतच नाही, एरर देतं.

उणे १ चा अर्थ

इंडेक्स ० पासून की १ पासून हा वाद जुना आणि निरुपद्रवी आहे. चुकलं तर बहुतेक वेळा लगेच कळतं. उणे १ तसं नाही. नमपायमध्ये तो शेवटचा घटक, आरमध्ये 'पहिला सोडून बाकी सगळे', ज्युलिया आणि मॅटलॅबमध्ये एरर. शेवटचा घटक काढणारी ओळ पायथॉनमधून आरमध्ये तशीच नेली तर एकाऐवजी भलीमोठी यादी मिळते आणि पुढची बेरीज ती आनंदाने स्वीकारते.

आरच्या उणे इंडेक्सचा खरा सापळा पुढे आहे. '१०० पेक्षा मोठे आकडे वगळा' यासाठी व्हिच फंक्शनने जागा शोधून त्यांच्यापुढे उणे चिन्ह लावण्याची पद्धत सर्रास दिसते. १०० पेक्षा मोठा एकही आकडा नसेल तर व्हिच रिकामी यादी देतं. रिकाम्या यादीला उणे लावलं तरी ती रिकामीच, आणि रिकामी यादी इंडेक्स म्हणून दिली की काहीच निवडलं जात नाही. म्हणजे वगळण्यासारखं काही नसताना सगळंच वगळलं जातं. डेटा स्वच्छ असतो तेव्हाच कोड मोडतो. व्हिच न वापरता थेट खरं-खोटंची अट इंडेक्समध्ये द्यावी.

टोकाबाहेरचं वाचन: नमपाय एका घटकासाठी एरर देतं पण स्लाइससाठी गप्प कापून घेतं, तीन घटकांच्या ॲरेतून ५ ते १० मागितलं तर रिकामा ॲरे. आर व्हेक्टरला एनए देते. मॅटलॅब वाचताना एरर देतं, पण लिहिताना ॲरे लांब करून मधल्या जागा शून्यांनी भरतं. आर त्याच जागा एनएने भरते, आणि शून्यापेक्षा एनए शंभर पटीने बरा.

आकार जुळवताना

नमपाय आकार उजवीकडून जुळवतं, ज्युलिया आणि मॅटलॅब डावीकडून. आर मॅट्रिक्समध्ये व्हेक्टर मिळवताना आकार पाहतच नाही. लहान व्हेक्टर पुन्हापुन्हा वापरते. दोन ओळी, तीन कॉलम असलेल्या शून्यांच्या मॅट्रिक्समध्ये (१०, २०, ३०) मिळवा. नमपायमध्ये प्रत्येक ओळ १०, २०, ३० होते. ज्युलियात एरर, मॅटलॅबमध्ये चालतं, कारण तिथे ही ओळ आधीच १×३ असते. आरमध्ये भरणा कॉलमने होतो: पहिल्या कॉलममध्ये १० आणि २०, दुसऱ्यात ३० आणि १०, तिसऱ्यात २० आणि ३०. सहाला तीनने पूर्ण भाग जातो, म्हणून वॉर्निंगही नाही. आरमध्ये ओळीनिहाय काम करायचं तर स्वीप फंक्शन.

नमपायच्या बाजूला याच्याइतकाच वाईट प्रकार एकच. खरी उत्तरं (१०००,) आकाराची, म्हणजे एकाच दिशेची, मॉडेलची उत्तरं (१०००, १) आकाराची, म्हणजे एका कॉलमचा मॅट्रिक्स. वजाबाकी केली की १०००×१००० चा, म्हणजे १० लाख घटकांचा ॲरे तयार होतो, त्याचा वर्ग, त्याची सरासरी, आणि हाती एक गोजिरवाणा चुकीचा आकडा. मॅटलॅबमध्ये आर२०१६बी पूर्वी अशा वेळी एरर यायची; आता तिथेही कॉलम वजा ओळ केलं की मॅट्रिक्स येतो. ज्युलिया इथे शिस्तीची वाटते: कॉलममधून ओळ वजा करायला नुसतं वजा चिन्ह नकार देतं, पसरवायचं असेल तर ठिपका मुद्दाम लावावा लागतो. ठिपका लावलात तर मात्र तीच वाट मोकळी.

नॅन

कमाल किंमत काढताना ॲरेत नॅन असेल तर नमपाय, ज्युलिया आणि आर तो वर येऊ देतात. मॅटलॅबचं मॅक्स त्याला वगळतं, पण मॅटलॅबचीच बेरीज वगळत नाही. एकाच भाषेत दोन डीफॉल्ट, हे कशाने समर्थनीय ठरतं कळत नाही. जागा शोधताना नमपायचं आर्गमॅक्स पहिल्या नॅनची जागा देतं, आरचं व्हिच.मॅक्स त्याच्याकडे पाहतही नाही.

क्रम लावताना नमपाय नॅन शेवटी ठेवतं, म्हणून उलटा क्रम करून पहिले दहा घेतले की यादीत आधी नॅनच येतात. ज्युलिया आणि मॅटलॅबच्या उतरत्या क्रमातही तेच. आरचं सॉर्ट एनए आणि नॅन गाळूनच टाकतं: पहिले दहा व्यवस्थित, पण लांबी कमी झालेली, आणि हा व्हेक्टर मूळ व्हेक्टरशी जोडला की वरचा पुनर्वापर सुरू.

नॅनचा पूर्णांक करा. ज्युलिया नकार देते, आर एनए देते, मॅटलॅब ०. नमपायचं उत्तर प्रोसेसरवर अवलंबून आहे: एक्स८६ वर उणे ९२२३३७२०३६८५४७७५८०८, एआरएमवर ०. वॉर्निंग येते एवढंच बरं. आर आणि पायथॉनमध्ये ॲरे ने-आण करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: आरचा पूर्णांक एनए मेमरीत उणे २१४७४८३६४८ असतो. कच्ची मेमरी थेट नमपायला दिली तर तो तसाच आकडा म्हणून सरासरीत शिरतो. दशांश एनए हा आतल्या बिटांत १९५४ ही खूण असलेला नॅन असतो. पलीकडे गेला की खूण कुणी वाचत नाही, 'माहिती नाही' आणि 'गणित फसलं' यातला फरक संपतो.

उणे १ चं वर्गमूळ: नमपाय आणि आर नॅन व वॉर्निंग, ज्युलिया एरर, मॅटलॅब काल्पनिक संख्या. मॅटलॅबचं उत्तर गणिताला धरून आहे, पण राउंडिंगमुळे ० ऐवजी अतिसूक्ष्म उणे आकडा आला की सगळा ॲरे कॉम्प्लेक्स होतो. पुढे तिथल्या लहान-मोठ्याच्या तुलना फक्त वास्तव भाग पाहतात, आणि मॅक्स मात्र परिमाण पाहतं.

किरकोळ, पण रोज भेटणारं

२.५ पूर्णांकात गोल केला की मॅटलॅब ३, बाकी तिघं २, कारण ते अर्ध्यावर आल्यास सम आकड्याकडे जातात. ३ हवा म्हणून अनेकजण ०.५ मिळवून फ्लोर घेतात, ०.४९९९९९९९९९९९९९९९४ ला हे लावून पाहा, १ येतो. ज्युलियात राउंडनिअरेस्टटाइजअवे आहे, ते वापरावं. २.६७५ दोन दशांशांपर्यंत: पायथॉनचं स्वतःचं राउंड २.६७, नमपायचं २.६८, कारण नमपाय आधी १०० ने गुणतं आणि त्या गुणाकारातच आकडा २६७.५ वर जाऊन बसतो.

[१, २, ३, ४] चा २५ वा पर्सेंटाइल मॅटलॅबमध्ये १.५, बाकीकडे १.७५. जुळवायचं तर आरमध्ये टाइप ५, नमपायमध्ये मेथड 'हेझन', ज्युलियात अल्फा आणि बीटा दोन्ही ०.५.

फ्लोट३२ च्या बेरजेत नमपाय जोड्या करून मिळवतं, म्हणून चूक कमी, पण फक्त मेमरीत सलग असलेल्या दिशेने. २ कोटी ओळी आणि २ कॉलमचा, सगळे १ असलेला ॲरे घ्या आणि कॉलमनिहाय सरासरी काढा: ०.८३८८६०८. बेरीज १६७७७२१६ वर पोचली की १ मिळवूनही पुढे सरकत नाही. डीटाइप म्हणून फ्लोट६४ द्या, काम झालं. आर बेरीज लाँग डबलमध्ये करते. इंटेलवर तो ८० बिटांचा, ॲपलच्या एआरएम चिपवर ६४ चा, त्यामुळे दोन यंत्रांवर शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात.

१ ते ९ आकड्यांचा ३×३ मॅट्रिक्स उलटा होत नाही, म्हणजे तो सिंग्युलर आहे, त्याचा इन्व्हर्स नसतो. आर तो जवळपास सिंग्युलर आहे हे ओळखून थांबते, मॅटलॅब वॉर्निंग देतं. नमपाय आणि ज्युलिया पिव्हट (सोडवताना ज्याने भागायचं तो आकडा) नेमका शून्य आहे का एवढंच पाहतात, म्हणून प्रचंड मोठ्या आकड्यांचा एक निरर्थक इन्व्हर्स निमूट हाती येऊ शकतो. कंडिशन नंबर (मॅट्रिक्स सिंग्युलरच्या किती जवळ आहे याचं माप) स्वतः तपासा.

कुणाला किती

गप्प न बसण्यात ज्युलिया पहिली, पूर्णांक ओव्हरफ्लो सोडून. आर दुसरी: एनएमुळे वाचते, पुनर्वापरामुळे बुडते. नमपाय तिसरं, पण सुधारतंय. पायथॉनमधल्या लायब्ररींसाठी २०२० साली एक गट स्थापन झाला, त्याच्या ॲरे एपीआय स्टँडर्डची (ॲरेच्या फंक्शनांसाठी समान नियमांची) पहिली आवृत्ती २०२१.१२; नमपाय २ ते पाळतं. स्टँडर्डची खरी उपयुक्तता ते काय ठरवत नाही यात आहे: टोकाबाहेरचे स्लाइस, ६४ बिटांचे मिश्र पूर्णांक, पूर्णांक अधिक फ्लोट. ॲरे-एपीआय-स्ट्रिक्ट नावाची लायब्ररी अशा जागी मुद्दाम अडते. कोड तिच्यावर एकदा चालवून घ्यावा. मॅटलॅब शेवटी, कारण ते नेहमी काहीतरी उत्तर देऊन खूश करायला बघतं.

कोड एका भाषेतून दुसरीत नेताना आधी आवाज चालू करा. आरमध्ये ऑप्शन्स वॉर्न=२, म्हणजे प्रत्येक वॉर्निंगची एरर होते. नमपायमध्ये सेटएरसोबत वॉर्निंग फिल्टरही 'एरर' वर ठेवा, कारण रिकाम्या ॲरेच्या सरासरीची वॉर्निंग सेटएरच्या कक्षेत येत नाही, आणि पायथॉन तीच वॉर्निंग त्याच ओळीसाठी दुसऱ्यांदा दाखवतही नाही. मॅटलॅबमध्ये डीबीस्टॉप इफ वॉर्निंग आणि इफ नॅनइन्फ, म्हणजे वॉर्निंग किंवा नॅन आला की तिथेच थांबायचं. मग प्रत्येक फंक्शनला रिकामा, एका घटकाचा, सगळे नॅन, एकच ओळ, प्रकाराची कमाल किंमत आणि उणे आकडा असा ॲरे द्या. आकडे फाइलमध्ये १७ सार्थ अंकांनी लिहा. पडद्यावर आर ७ अंक दाखवते.

आणि दोन उत्तरं जुळतात का हे तपासणारी फंक्शनंही एकमेकांशी जुळत नाहीत. नमपायच्या ऑलक्लोजमध्ये ०.००००००००१ आणि ०.००००००००२ 'सारखे' ठरतात, कारण दहा कोटींशाचा निरपेक्ष फरक त्याला चालतो. ज्युलियाचं इज-ॲप्रॉक्स निरपेक्ष फरक शून्य धरतं, म्हणून अतिसूक्ष्म आकडा आणि ० कधीच जुळत नाहीत. आरचं ऑल.इक्वल फरक सापडला तर खोटं न म्हणता एक वाक्य परत देतं, म्हणून इजट्रूमध्ये गुंडाळावं लागतं. नमपायच्याच टेस्टिंगमधलं असर्ट-ऑलक्लोज ऑलक्लोजपेक्षा कडक आहे, निरपेक्ष फरक शून्य आणि सापेक्ष फरक एक कोटींश, पण नॅन आणि नॅन त्याला सारखे वाटतात, ऑलक्लोजला नाही.